खालच्या खुंट्या

आज सीताबर्डीला रस्ता ओलांडताना एका जुन्या बसनं धूर सोडला, आणि डिझेलच्या त्या वासानं मला वीसेक वर्षं मागं, आमच्या पंप-दुरुस्तीच्या दुकानात नेलं.

कळमेश्वरच्या एका लहान दवाखान्याचा माणूस जनरेटरचा डिझेल-पंप मांडीवर घेऊन बसला होता. "भाऊ, सकाळपासून लाइट नाही. काचेच्या पेटीतलं लेकरू गार पडून राहिलं. लवकर करा गा."

माझ्या नवऱ्यानं पंप खोलला, धुतला. पण आतला पेन्सिलीएवढा दट्ट्या बसवताना त्यांचे हात थरथरू लागले. ही थरथर दोन महिन्यांपासून होती. ते ती सगळ्यांपासून लपवत होते. दट्ट्या तीनदा निसटला. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "माझ्यानं होऊन नाही राहिलं वं. तू बसव."

मी बसवला. पंप तपासणीच्या यंत्रावर चढवला, तर चार काचनळ्यांत डिझेल कमीजास्त पडत होतं. "थोडं मागं घे… अजून," ते सांगत गेले, मी स्क्रू फिरवत गेले. अखेर चारही नळ्या एका रेषेत भरल्या.

दुपारी दवाखान्यातून फोन आला. जनरेटर सुरू झालं होतं, लेकरू ठीक होतं. मी आनंदानं ओरडलेच. त्या ओरडण्याची आज लाज वाटते.

फोन ठेवून वळले, तर ते भिंतीवर उंच टांगलेले पाने एकेक करून काढत होते आणि माझा हात पोचेल अशा खालच्या खुंट्यांवर लावत होते.