कोमट रस्सा

"खरं सांगा हां, ताई. मला बरं वाटावं म्हणून सांगू नगा."

चाचा हे वाक्य कशालाही जोडायचे. चहात साखर बरोबर पडलीय का, टोपी वाकडी बसलीय का, सुनेनं केलेला शिरकुर्मा गोड झालाय का. विचारून झालं की हनुवटीखाली मूठ धरायची आणि समोरच्याच्या तोंडाकडं टक लावून बसायचं. अशा माणसाशी खोटं बोलायचं तुम्हाला काहीएक कारण नसतं. तरी मी बोलले, एकदा नाही, कितीदा तरी. तेच सांगायला बसलेय.

कवठे महांकाळच्या स्टँडसमोर माझं नाश्त्याचं काउंटर आहे. मिसळ, वडा, चहा. चाचा मागच्या गल्लीत राहायचे. पाडव्याला गुढीला बांधतो ना, त्या साखरेच्या गाठींचे सागवानी साचे ते कोरायचे. काम इतकं सावकाश की बघणाऱ्याला डुलकी लागावी. पण त्यांच्या साच्यातली गाठ हातात घेतली की पाकळी अन् पाकळी मोजता यायची.

पाच-सहा वर्षं झाली असतील. प्लास्टिकच्या चमच्यांवर बंदी आली. स्टीलचे आणले तर निम्मे गिऱ्हाइकांबरोबर एसटीत बसून गेले. उरलेले धुवायला पाणी कुठलं? उन्हाळ्यात आमच्याकडं टँकर येतो तेव्हा बाया भांडी घेऊन पळतात. मी एकाच बादलीत दुपारपर्यंत चमचे बुचकळून काढायचे. एके दिवशी चाचांनी चमचा उचलला, नाकाशी नेला, आणि उठून थेट माझ्या बादलीत वाकून बघितलं.

"ताई, ह्यात मासं पाळल्यात व्हय?"

"पाणी तुमी आणून देताय का?" मी फाडकन म्हणाले.

"पानी कुठनं देऊ? चमचा देतो," ते म्हणाले. "एकदा वापरायचा आन् इसरायचा. स्टँडावरच्या सगळ्या वडापावच्या गाड्यांना परवडंल असा."

मला वाटलं, म्हातारा बोलतोय, बोलू दे.

आठ दिवसांनी ते पहिला चमचा घेऊन हजर. उसाच्या चिपाडाचा. तोंडात घातला तर त्याचा एक धागा माझ्या दातात अडकला तो संध्याकाळपर्यंत निघाला नाही. मग कडब्याच्या धाटाचा आला, तो वड्यावर दाबताच उभा चिरला. चाचा प्रत्येक वेळी मोडका चमचा खिशात घालायचे आणि म्हणायचे, "हुतंय. हुतंय." चिडलेलं मी त्यांना कधी पाहिलं नाही. मीच चिडायचे, कारण प्रत्येक चमच्याबरोबर एक प्लेट मिसळ फुकट जायची.

मध्येच चार दिवस ते नुसतेच बाकावर बसून राहिले. समोर भिंतीवरचं घड्याळ आणि हातात खडू. प्रत्येक गिऱ्हाईक मिसळ खायला किती वेळ घेतं ते फरशीवर लिहीत होते. कॉलेजची पोरं चार मिनिटांत उठतात, पेन्शनर बारा मिनिटं लावतात, आणि भांडण झालेलं नवरा-बायकोचं जोडपं वीस मिनिटं बसतं, तेही प्लेटला हात न लावता. चौथ्या दिवशी चाचांनी हिशेब जाहीर केला, "आठ मिन्टं. चमचा आठ मिन्टं टिकला की जिकलो."

चमचा कशाचा करायचा ते त्यांना शेवटी माझ्याच काउंटरवर सापडलं. कडक भाकरी चहात बुडवून खात होते. निम्मी भाकरी चहात आणि निम्मी बोटांत, आणि तशीच थांबले.

"ही मोडंना की वो," ते म्हणाले.

मग काय! ज्वारीच्या पिठाची उकड काढायची, गाठींसाठी असतो तशा दोन फळ्यांच्या साच्यात दाबायची, उन्हात वाळवायची आणि ओळखीच्या बेकरीत पाव निघाले की त्याच भट्टीत भाजून घ्यायची. साचा त्यांनी महिनाभर कोरला. दांड्यावर ज्वारीचं कणीस होतं. एवढं सुरेख कोरीव काम तर्रीत बुडवायचं माझ्या जिवावर आलं.

पहिल्या दिवशी एक टोपीवाले मामा आले. त्यांनी आधी चमचा कुरुमकुरुम खाल्ला आणि म्हणाले, "आता मिसळीला चमचा द्या की." आम्ही दोघंही पोट धरून हसलो. पण खरी गंमत पुढंच होती. खाऊन झाल्यावर चमच्याचा तुकडा उरायचा, तो कचऱ्याच्या डब्यात टाकायला एकही माणूस तयार होईना. एका आजीबाईंनी तो धुवून पदराच्या टोकाला बांधला. "जुंधळा हाय बाई त्यो," म्हणाल्या, "केरात कसा टाकू?" संध्याकाळी बघते तर काउंटरच्या कडेला, पाण्याच्या माठावर, खिडकीच्या चौकटीत, सगळीकडं अर्धे-अर्धे चमचे ओळीनं मांडलेले. फेकून द्यायचा म्हणून बनवलेला चमचा फेकायचा कुणाला धीरच होत नव्हता. चाचांना मात्र त्याचाच केवढा आनंद! "म्हंजे केरच न्हाई झाला की वो, ताई!"

आता मी काय केलं ते ऐका.

चमचा टिकत नव्हता. माझा रस्सा दिवसभर शेगडीवर रटरटत असतो, वर बोटभर तेल. त्यात ज्वारीचा चमचा तिसऱ्या मिनिटाला मऊ पडायचा आणि चौथ्याला मान टाकायचा. गिऱ्हाइकं कुरकुरायला लागली की मी काउंटरखालून गुपचूप स्टीलचा चमचा काढून द्यायचे. मोडके तुकडे पोत्यात भरायचे. पोतं घरी म्हशीला. म्हस खूश, दूधही वाढलं. चाचा दर सोमवारी नवे चमचे घेऊन यायचे आणि विचारायचे, "किती मिन्टं टिकला? खरं सांगा."

"टिकतोय की चाचा," मी म्हणायचे. "मिसळ संपवत्यात आन् वर चमचाबी खात्यात."

का म्हणायचे? त्यांचं तोंड पडलेलं बघवायचं नाही, हे एक कारण. ते मी बरीच वर्षं स्वतःला सांगितलं. पण गर्दीच्या वेळी घड्याळ बघत कोण बसणार, हे दुसरं. आणि पोतं भरून ज्वारी घरी येत होती, हे तिसरं. आज लिहिताना तिसरंही लिहितेय, कारण पहिलं एकटंच लिहिलं तर तेही खोटंच होईल.

ते स्वतः घरी तपासून बघायचे, पण वरणात. त्यांच्या पोटाला तिखट सोसत नव्हतं. मग एका सोमवारी ते ऐन गर्दीत आले आणि म्हणाले, "आज मलाबी मिसळ द्या. माझाच चमचा, तुमचाच रस्सा. पोटाचं काय हुयाचं ती हू दे."

तीन महिने मी सांगत होते की टिकतो, आणि आता चार मिनिटांत सगळं उघडं पडणार होतं. शेगडीच्या बाजूला सकाळचं एक पातेलं होतं. त्यातला रस्सा कोमट झालेला. मी डाव त्याच पातेल्यात घातला. हात जराही थरथरला नाही. गिऱ्हाइकाला शिळा पाव देताना माझा हात जास्त थरथरतो.

चाचांनी हळू आवाजात बिस्मिल्ला म्हटलं आणि खायला लागले. एक डोळा घड्याळावर. आठ मिनिटं झाली, नऊ झाली, चमचा शाबूत. नाकाडोळ्यांतून पाणी वाहतंय आणि माणूस हसतोय. "नऊ मिन्टं, ताई! नऊ!" त्यांनी तो चमचा पुसून कागदात गुंडाळून ठेवला.

त्या नऊ मिनिटांच्या जोरावर ते साताऱ्याला गेले. तिथं हॉटेल-कँटीनवाल्यांचा मेळावा होता. लोणंदकडच्या एका कारखान्याचं कँटीन चालवणारे गृहस्थ चमचा बघून घेणार होते. पाडव्याची साच्यांची कामं चाचांनी त्या वर्षी घेतलीच नाहीत, सगळा वेळ चमच्याला दिला होता. मला म्हणाले, "तुमी चला. साक्षीला."

गेले. नाही म्हणायला तोंड कुठं होतं? त्या क्षणी तरी खरं सांगायचं होतं. विट्यात एसटी बदलली तेव्हा ठरवलंही होतं की आता सांगते. पण ते मांडीवरचा चमच्यांचा डबा गचके बसू नयेत म्हणून दोन्ही हातांनी उचलून धरून बसले होते, साताऱ्यापर्यंत.

मेळाव्यात प्रत्येक टेबलावर काही ना काही होतं. चाचांच्या टेबलाभोवती दहा-पंधरा माणसं जमली. लोणंदच्या गृहस्थांनी शेजारच्या स्टॉलवरून मिसळ मागवली. चाचा म्हणाले, "जरा थांबा. रस्सा उकळता घाला. भ्यायाचं कारण न्हाई." स्टॉलवाल्यानं परत नेऊन खळखळता रस्सा ओतला.

तिसऱ्या मिनिटाला दांडा हातात राहिला आणि पुढचा वाटीसारखा भाग तर्रीवर तरंगायला लागला.

लोक हसले. वाईट मनानं नाही, पण हसले. कुणीतरी म्हणालं, "चाचा, चमचा पवायला लागला की." चाचाही हसले. दुसरा चमचा घेतला, तोही गेला. मग ते माझ्याकडं वळले.

"ह्या ताईंच्या हाटेलात तीन म्हैने चाललाय. ताई, सांगा, किती मिन्टं टिकतो?"

सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी म्हणाले, "नऊ मिनिटं. हितला रस्सा जरा जास्तच गरम दिसतोय."

लोणंदचे गृहस्थ पुढच्या टेबलाकडं वळले. चाचांचा हात मात्र डब्याच्या झाकणावर तसाच राहिला.

परतीच्या गाडीत ते खिडकीशी बसले होते. साताऱ्यात त्यांनी माझ्या घरासाठी कंदी पेढे घेतले होते, तो पुडा माझ्या हातात दिला. मग म्हणाले, "ताई, त्या सोमवारी रस्सा कोमट हुता व्हय?"

"न्हाई चाचा. गरमच हुता."

"व्हय व्हय," ते म्हणाले. "गरमच असणार."

त्यानंतर चमचे आले नाहीत. चाचा मात्र रोज दुपारी चारला येत राहिले. चहा घ्यायचे, कडक भाकरी बुडवायचे, स्टँडवरच्या गाड्या बघायचे. माझ्याशी पहिल्यासारखेच बोलायचे, चेष्टा करायचे, माझ्या बादलीतल्या माशांची चौकशी करायचे. फक्त "खरं सांगा" एवढं म्हणेनासे झाले. शेजारच्या पानवाल्याला म्हणायचे, रिक्षावाल्याला म्हणायचे. मला त्यांनी ते पुन्हा कधीही विचारलं नाही. तुम्हाला ही गोष्ट लहान वाटेल. मला रोज दुपारी चार वाजता ती टोचायची. कितीदा तोंडाशी आलं, चाचा, कोमट होता. दर वेळी एखादं गिऱ्हाईक यायचं, किंवा मीच त्याला हाका मारून बोलवायचे.

यंदा पाडव्याच्या आधी चाचा गेले. दोन दिवस ताप आला आणि गेले. त्यांच्या घरी जाऊन आले, पण बायकांत बसून मी काय बोलणार होते?

महिन्याभरानं त्यांची सून काउंटरवर आली. हातात एक पत्र्याचा डबा आणि फडक्यात गुंडाळलेला साचा.

"अब्बा म्हणले हुते, ह्ये ताईंना द्या," ती म्हणाली. "ही सगळी वर्सं घरात करतच हुते. भट्टीतनं दोनदा भाजून आनायचे. आमी म्हणायचो, आता कशापायी? तर म्हणायचे, हुतंय."

साचा उघडून बघितला. दांड्यावर तेच कणीस. पण वाटी आणि दांडा जिथं जुळतात तिथं, जिथं साताऱ्यात मोडला होता तिथं, मागून एक जाड शीर काढली होती. डब्यात वीसेक चमचे होते.

"आणि काय म्हणाले?" मी विचारलं.

"म्हणले, ताईंना सांग, रश्शात घालून बघा. उकळत्या. दोनदा सांगितलं त्यांनी, उकळत्या म्हणून."

ती गेल्यावर मी एक प्लेट भरली. सकाळचं कोमट पातेलं त्या दिवशीही बाजूला होतंच. मी शेगडीवरचा रटरटता रस्सा ओतला, चाचांच्या जागी बाकावर बसले आणि घड्याळाकडं बघत खायला लागले. तिसरं मिनिट गेलं. चौथं गेलं, पाचवं गेलं. मला वाटलं, जिंकले म्हातारबुवा. सहा मिनिटं झाली आणि चमचा त्या शिरेच्या जरासा वर मऊ पडून हळूच वाकला.

अजून दोन मिनिटं पाहिजे होती. ज्या माणसानं एकट्यानं, कुणी काही न सांगता, तिनाची सहा केली, त्याला त्या सोमवारी मी खरं सांगितलं असतं, तर ही दोन मिनिटं त्यानं कधीच कमावली असती.

"सहा मिन्टं, चाचा," मी म्हणाले. "न्हाई टिकला."

समोरच्या बाकावरचं गिऱ्हाईक मिसळ खाता खाता थांबलं. "मला म्हणालासा व्हय, मावशी?"

मी मानेनंच नाही म्हटलं. वाकलेला चमचा केरात टाकण्यासारखा नव्हताच, ज्वारी होती. बसल्या जागी मी तो कणसासकट खाल्ला.