दुपट्ट्याखालची बोटं

किस्से काही कुणी जमवत नाही, ते आपोआप साचतात. अमरावतीच्या आमच्या व्यवसायोपचार विभागात इतके साचलेत, की राजापेठेत चहाला बसलो की माझ्या जोडीला काम करणाऱ्या सविताला आणि मला एकेका कपानं भागत नाही. व्यवसायोपचार म्हणजे काय, हे मी माझ्या नातेवाइकांना अजून समजावतेच आहे. आजारानं किंवा अपघातानं अडलेल्या माणसाला त्याच्या रोजच्या कामात परत उभं करायचं, बस्स! ते कसं करायचं याची पुस्तकात वेगवेगळी मॉडेल्स असतात, आणि त्या मॉडेल्सवरून आमच्यात रोजची भांडणं असायची.

*

भांडणाचं मूळ म्हणजे आमचे सर. विभागप्रमुख, मूळचे पुण्याचे. त्यांची श्रद्धा एकाच पद्धतीवर: सांधा किती वाकतो, स्नायूत जोर किती, पकड किती. कोन मोजायची पट्टी कायम ऍप्रनच्या खिशात. "मोजता आलं तर सुधारणा, नाहीतर नुसत्या गप्पा!"

सविताच्या लग्नात नवरदेवानं हार घालायला हात उचलला. सगळा मांडव टाळ्या वाजवतोय, आणि सर माझ्या कानाशी म्हणतात, "उजवा खांदा पूर्ण वर जात नाहीये. सोमवारी पाठवा."

नवरदेव सोमवारी खरंच आला!

*

सविता अकोल्याची आणि सरांच्या बरोबर उलट. तिचं मॉडेल असं, की माणूस, त्याचं काम आणि त्याची जागा या तिन्हींचं जुळलं पाहिजे. माणूस बदलत नसेल तर जागा बदला.

खुब्याचं ऑपरेशन झालेल्या एका आजींना खाली बसायची बंदी झाली. भाकरी तर जन्मभर चुलीपुढे बसूनच थापलेली. "मंग मी घरात कायले हावो?" म्हणून आजी रडायला लागल्या. सविता थेट त्यांच्या गावी गेली, गवंडी बोलावला आणि चूल ओट्यावर चढवली. आजींनी उभ्यानं पहिली भाकरी थापली. घरादारानं कौतुक केलं.

मागून सून म्हणाली, "सासूबाईचं हाड मोडलं म्हून माही कंबर वाचली बाप्पा!"

*

मग आले युसूफभाई. चांदूर बाजारच्या बैलबाजारातले जुने दलाल. पक्षाघातानं उजवा हात गेला होता. मुठीत जोर परत आला, पण एकेक बोट सुटं हलेना. एक वाकवलं की चारही वाकायची.

सरांनी मला त्यांना प्लॅस्टिकचे रंगीत शंकू एकावर एक रचायला द्यायला सांगितलं. युसूफभाईंनी ते बाजूला सारले. "म्याडम, हे लेकरायचे खेळ मले काहून देऊन राहिल्या?"

आमचं आणखी एक मॉडेल आहे. त्यात आधी माणसाची आवड विचारायची असते. मी विचारलं.

"आवड? बैल."

"आणि त्याशिवाय?"

"दुसरा बैल."

*

शेवटी मी शंकू कपाटात टाकले आणि सरळ विचारलं, "बाजारात तुमचा हात नेमकं करतो काय?"

त्यांनी खांद्यावरचा दुपट्टा माझ्या हातावर टाकला आणि त्याखाली माझी बोटं धरली. बैलाचा भाव असा ठरतो. दलाल कपड्याखाली विकणाऱ्याची बोटं दाबतो, मग घेणाऱ्याची. कुठलं बोट, किती बोटं, यात सगळा भाव. तोंडातून शब्द नाही.

"पण लपवायचं कशाला?"

"म्याडम, लोक यंदा जोडीच्या जोडी इकून राहिले. कोणाचा बैल कितीत गेला हे गावाले काहून समजावं? त्याच्या घरी बी पोरी हायत, सोयरे हायत."

ती कापसाची वाईट वर्षं होती. सकाळी पेपर उघडायची भीती वाटायची.

"अन् माह्यं एक बोट चुकलं त् एखाद्याचा बैल मातीमोल जाईन," ते म्हणाले. "असा हात घेऊन मी बाजारात बसनार नाई. सोडला म्या धंदा."

सोडला? मी सोडू देईन तर ना! दुसऱ्या दिवसापासून आमचा विभाग म्हणजे बैलबाजार. सविता विकणारी, मी घेणारी, मधे युसूफभाई. आयाबाई फुकट बैल विकून जायच्या. सर दारातून ओरडले, "हे कुठल्या पुस्तकात आहे?"

सविता म्हणाली, "सर, दुपट्टा बाजूला केला की तुमचंच पुस्तक आहे. बोटंच मोजतोय!"

*

हळूहळू बोटं सुटी झाली, आणि खुणा साऱ्या विभागाला पाठ झाल्या, सरांनासुद्धा. तरी युसूफभाई बाजाराचं नाव काढेनात. मग आम्हीच त्यांना घेऊन चांदूर बाजारला गेलो. सरही आले, पट्टीसकट.

एक म्हातारा पांढऱ्या बैलाचा कासरा धरून उभा होता. दुसऱ्या दलालांना टाळून तो युसूफभाईंकडेच आला. "तुमीच करा भाई. मी तुमच्यासाठीच थांबलो होतो." आता नाही कसं म्हणणार? दुपट्टा पडला. आत काहीतरी हललं. मग घेणाऱ्याचा हात, परत म्हाताऱ्याचा. म्हाताऱ्यानं मान हलवली. घेणाऱ्यानंही हलवली. सौदा झाला!

सविता चक्क नाचली. सरांना राहवलं नाही. "किती ठरले?"

सगळा बाजार सरांकडे बघायला लागला. युसूफभाई शांतपणे म्हणाले, "सायेब, दुपट्ट्याखालचं दुपट्ट्याखालीच रायते."

*

पुढच्या आठवड्यात युसूफभाई संत्री घेऊन विभागात आले. सरांनी शेवटची तपासणी करायला पट्टी काढली. "चला, आता सुधारणा मोजू या."

युसूफभाईंनी पट्टी अलगद बाजूला ठेवली. खांद्यावरचा दुपट्टा काढला, सरांच्या हातावर पसरला आणि आपला उजवा हात आत घातला.

कपड्याखाली काहीतरी दाबलं गेलं, थांबलं, परत दाबलं गेलं. सरांचे डोळे विस्फारले. मग पाणावले. बराच वेळ त्यांनी हात काढला नाही.

युसूफभाई गेल्यावर आम्ही सगळ्यांनी सरांना घेरलं. "सर, काय सांगितलं? सांगा ना!"

सरांनी चष्मा पुसला, संत्रं सोलायला घेतलं आणि पुण्याचा तो माणूस म्हणाला, "दुपट्ट्याखालचं दुपट्ट्याखालीच रायते!"