दीपालीचं समीकरण

लॅबमधली काचेची भांडी फुटतात, बाटल्या रिकाम्या होतात, पण गोष्टी साचतच राहतात. बुऱ्हाणपूरच्या एका शाळेत मी तीस वर्षं केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये शिपाई होतो. आता रिटायर आहे. संध्याकाळी शनवारा गेटपाशी चहाला बसलो की कुणीतरी म्हणतं, मामा, लॅबमधलं काही सांगा. एक गोष्ट ओढली की मागून चार येतात. मी सावकाश सांगणारा माणूस. चहा गार होतो, त्याला इलाज नाही.

*

लहानपणी मी शाळेत गेलोच नाही. शाळेत पाय ठेवला तो नोकरीला. पहिल्याच दिवशी केमिस्ट्रीच्या पाटील सरांनी जांभळ्या खड्यांची बाटली मागितली. मला लेबल वाचता येईना, पण बाटली बरोबर आणली. सरांनी विचारलं, कशी ओळखली?

म्हटलं, "ही आमच्या विहिरीत टाकतात ती लाल दवा."

सर हसले नाहीत. म्हणाले, "तिचं नाव पोटॅशियम परमँगनेट. आता रोज एक बाटली."

शाळा सुटल्यावर रोज एका लेबलावर बोट ठेवून त्यांनी मला वाचायला शिकवलं. तेवढं कुणी कुणासाठी करत नाही. फक्त झालं असं, की मला 'अमोनियम' आधी लिहिता आलं, स्वतःचं नाव नंतर!

*

रेडॉक्सची समीकरणं जुळवायची वेळ आली की वर्गात सगळ्यांच्या माना खाली. सर सांगायचे, यात एक जण इलेक्ट्रॉन देतो, दुसरा घेतो, आणि जेवढे दिले तेवढेच घेतलेले असले पाहिजेत. लाल दवेतलं मँगनीज पाच घेतं, लोखंड एकच देतं. म्हणून एका मँगनीजला पाच लोखंडं लागतात.

एकदा त्यांनी मुलांनाच उभं केलं. एक मँगनीज, बाकीचे लोखंड, प्रत्येक लोखंडाच्या हातात एक खडू, तो त्याचा इलेक्ट्रॉन. पण त्या दिवशी लग्नसराईमुळे वर्ग रिकामा, लोखंडं चारच भरली. सरांनी मला आतून हाक मारली. मी हात पुसत आलो, लोखंड झालो आणि माझा खडू देऊन टाकला.

सर म्हणाले, आता लोखंडावरचा चार्ज अधिक दोनचा अधिक तीन झाला. मला काही पटेना. मी विचारलं, "सर, दिल्यावर कमी व्हायला पाहिजे. वाढलं कसं?"

सर म्हणाले, "इलेक्ट्रॉन उणा असतो, मामा. उणं देऊन टाकलं की वाढणारच." मग वर्गाकडे वळून त्यांनी विचारलं, हे तुमच्यापैकी एकालाही विचारावंसं वाटलं नाही?

तेव्हापासून पोरं मला लोखंडमामा म्हणायची.

*

दीपाली जवळच्या दापोरा गावची. घरची केळीची बाग. तिला नर्सिंगला जायचं होतं, पण बारावीत केमिस्ट्रीतच नापास झाली. वडील म्हणाले, सप्लिमेंट्री दे, या वेळी निघाली तर नर्सिंग, नाही तर घरी बस. ती रोज दुपारी लॅबमध्ये येऊन समीकरणं सोडवायची, सर तपासायचे.

तिची एक खोड होती. ऑक्सिजन जुळला नाही की ती खालचा बारीक आकडा बदलून टाकायची. एकदा पाण्याला एक ऑक्सिजन जास्त लावला. सर म्हणाले, अगं, हे पाणी राहिलं नाही, जखम धुवायचं औषध झालं. तिला कळेना. चारदा सांगून सर दमले.

मी टेबल पुसत होतो. म्हटलं, "ताई, घड कमी पडले तर तू बागेतून अजून घड आणशील. का आहे त्याच घडाला वरून फण्या चिकटवशील?"

तिनं वही ओढली आणि खालचे आकडे सोडून सूत्राआधीचे मोठे आकडे बदलायला लागली. सर मला म्हणाले, "मामा, उद्यापासून तुम्ही शिकवा, मी बाटल्या धुतो."

*

आठवड्यानं सरांनी सप्लिमेंट्रीच्या मुलांसमोर फळ्यावर लाल दवा आणि लोखंडाचं समीकरण लिहिलं. अणू दोन्हीकडे मोजले, सगळे सारखे. सर खूश. दीपालीनं हात वर केला. म्हणे, सर, डावीकडे चार्ज अधिक नऊ, उजवीकडे अधिक पाच. लोखंड तुम्ही एकच घेतलं, बाकीचे चार?

मागून कुणीतरी बोललं, "लोखंडमामा सुट्टीवर आहेत."

सरांनी फळा पुसला, खडू तिच्या हातात दिला आणि स्वतः पहिल्या बाकावर जाऊन बसले.

*

तिच्या प्रॅक्टिकलला खंडव्याहून बाहेरचे परीक्षक आले. कडक माणूस. मुलं तीनच. उकाडा असा की पंखा फुल सोडलेला. काम सोपं होतं. गरम ऑक्झॅलिक ॲसिडमध्ये सल्फ्युरिक घालायचं आणि वरून थेंबथेंब लाल दवा सोडायची. गुलाबी रंग टिकला की झालं. सल्फ्युरिक घालायचं राहिलं की सगळं तपकिरी होतं.

दीपालीचं तपकिरी झालं.

परीक्षक जवळ आले. "बेटी, ॲसिड नहीं डाला?"

मी पाहिलं, तिच्या टेबलावर सल्फ्युरिकची बाटलीच नव्हती, आणि घाबरून तिनं ती मागितलीही नव्हती. सकाळी मी ती ठेवली होती, हे मला पक्कं आठवत होतं. परीक्षेत लॅबच्या माणसानं बोलायचं नसतं. तरी मी पुढं झालो. "साहेब, बाटली ठेवायला मी विसरलो."

दीपाली लगेच म्हणाली, "नाही सर, बाटली होती. मीच ॲसिड टाकायचं विसरली."

परीक्षकांनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "दोघंही कबुली देताहेत, घ्यायला कुणीच नाही. हे जुळायचं कसं?"

मी मान खाली घातली, ती वर केली तेव्हा नजर त्यांच्या टेबलावर गेली. पंख्यानं कागद उडू नयेत म्हणून त्यांनी उत्तरपत्रिकांवर एक बाटली ठेवली होती. लेबल सल्फ्युरिकचं, माझ्याच अक्षरातलं.

त्यांनीही तिकडं पाहिलं. मग स्वतः जाऊन बाटली उचलली, दीपालीच्या टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "नवीन फ्लास्क घे."

इकडं सगळे कागद लॅबभर उडाले. ते आणि मी गुडघ्यांवर बसून टेबलांखालून एकेक गोळा करत होतो. शेवटचा कागद हाती आला तेव्हा मी वर पाहिलं. तिच्या फ्लास्कमध्ये गुलाबी रंग टिकला होता.