सापुताऱ्याचा सूर्य

मी आणि माझ्या बायकोने शेवटचं सोबत केलं ते काम म्हणजे कारखान्यातून आलेल्या साड्यांचे लोंबते धागे कापणं. शेजारची रेखा विचारायला आली, "काकी, सापुतारा बघण्यासारखा आहे का?"

"जा गं. संध्याकाळी सूर्य बुडतो ना, परातीएवढा, लालभडक."

दोन दिवसांनी माझी ही वारली.

सूर्य आम्ही पाहिलाच नव्हता. तीस वर्षांपूर्वी मी यंत्रमागाच्या कारखान्यातली पाळी बुडवून दोघं गेलो, तर नुसतं धुकं. भाजक्या मक्याचा वास यायचा, पण मकेवाला दिसत नव्हता. मी म्हणालो, "हे बघायला आणलं मला? यापेक्षा आमचं लूमचं खातं बरं."

"थांबा ना हो. उघडेल."

कठड्याला धरून ती शेवटच्या बसपर्यंत बसली. उघडलं नाही. बसमध्ये मी झोपून गेलो.

आता कळतं, तिला सूर्याचं एवढं नव्हतं. मी 'चांगलं आहे' म्हणावं, एवढंच तिला हवं होतं. घरी मी तिला ते कधी म्हटलं नाही.

तेव्हा सापुताऱ्याहून आल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी खात्यात, त्या खडखडाटात शेजारच्या लूमवरचा जोडीदार ओरडला, "कसा आहे रे सापुतारा?"

"एक नंबर!" मी ओरडून सांगितलं आणि लूम चालू केला.