आठवं गाणं

माझ्या पहिल्या अल्बममध्ये आठ गाणी असणार होती. बाहेर आली सात. राहिलेल्या एकाबद्दल कुणी विचारत नाही, कारण ते होतं हे आम्हा चौघींनाच ठाऊक आहे.

मी जालन्यात एका बियाणे कंपनीच्या प्रयोगशाळेत आहे. ओल्या कागदात गुंडाळलेल्या बिया किती उगवल्या ते पाहायचं, हे माझं काम. तिथून सुटले की जुन्या जालन्यात मैत्रिणीकडे जायचे. तिच्या वडिलांचं कापडाचं दुकान आहे, मागच्या गोदामात छतापर्यंत गाठी. कापडामुळे आवाज घुमत नाही, म्हणून रेकॉर्डिंग तिथंच. ती लॅपटॉपवर ताल रचायची, मी रॅप करायचे. आमचं रॅप कुणाला धमकावणारं नव्हतं. सावकाश, गप्पा मारल्यासारखं. ड्रमच्या जागी आम्ही आजूबाजूचेच आवाज वापरायचो. दुकानाचं शटर, गिरणीचा पट्टा.

दिवाळीत तीर्थपुरीला घरी गेले तेव्हा आई ओसरीवर भुईमुगाच्या शेंगा फोडत बसली होती. मला तो आवाज हवा होता. फोन सुपाशेजारी ठेवला आणि म्हणाले, "शेंगांचा आवाज घेऊन राह्यले. तू फोडत राहा."

थोड्या वेळानं ती फोन विसरली आणि बोलायला लागली. नवीन लग्न झालं तेव्हा तिनं अंगणवाडी सेविकेच्या जागेसाठी अर्ज केला होता. मुलाखतीचं पत्र आलं, ते थोरल्या जावेच्या हाती पडलं. जावेनं ते ज्वारीच्या कणगीखाली दडवलं आणि तारीख निघून गेली. आई हे सांगत होती ते रडून नाही, रागानं नाही. एका लयीत, शेंगा फोडता फोडता.

मैत्रिणीनं त्या टचटचीवर ताल बांधला. आईचा आवाज मध्ये ठेवून मी दोन कडवी लिहिली. बाकीची सात गाणी या एकासाठीच केल्यासारखी वाटायला लागली. अल्बम बाहेर यायच्या आधी आईला ऐकवावं म्हणून मी मोठ्या हौसेनं गावी गेले. ती खूश होईल अशीच माझी कल्पना होती.

तिनं इअरफोन एका कानात घालून शेवटपर्यंत ऐकलं.

"ह्याच्यापुढं मी अजून बोलल्ते. ते कुठंय?"

पुढचं मीच कापलं होतं. पत्र दडवल्याचं आईला कळलं होतं ते जावेच्याच तोंडून. बऱ्याच वर्षांनी ती एकदा शेतात आईजवळ येऊन बसली, सगळं सांगितलं आणि रडली. ते ठेवलं तर गाण्याची धार जाते, असं मला वाटलं होतं.

"गाणं लांबत होतं," मी म्हणाले.

"लांबत होतं म्हणून तिचं रडणं काढलं, अन् चोरी ठेवली?"

"पण खोटं तर न्हाई ना त्यात?"

"खोटं न्हाई. पण अर्धं हाय. अन् ते मी तुला सांगितलं होतं, गावाला न्हाई." तिनं इअरफोन काढून माझ्या हातात दिला. "सगळं ठेव न्हाईतर सगळं काढ. अन् ठेवायचं तर तिला विचारून ठेव."

ती जाऊ म्हणजे माझी मोठीआई. घर शेजारीच, मधे नुसती भिंत. लहानपणी आईला उशीर झाला की मी तिच्याच घरी जेवायचे. मला आईची गोष्ट पूर्ण खरी वाटत होती. पण ती या बाईचीही गोष्ट आहे हे गोदामात बसून एकदाही मनात आलं नव्हतं.

कापलेला भाग जोडून मी दुसऱ्या दिवशी दुपारी तिच्याकडे गेले. कशासाठी आले ते सांगितलं. तिनं भिंतीला पाठ लावून पूर्ण ऐकलं. मधे एकदाच डोळ्याला पदर लावला.

"बराबर सांगितलंय तिनं," ती म्हणाली. मग दाराकडे बघत आवाज खाली आणला. "पण माझ्या सुनेला हे म्हाईत न्हाई. नातवाच्या मोबाईलमधी ऐकू आलं तर मी कुठं बघू?"

"मंग न्हाई टाकत."

"तसं न्हाई. गाणं चांगलं हाय. माझ्या माघारी टाक."

मैत्रीण दोन दिवस माझ्याशी नीट बोलली नाही. तिचीही मेहनत होती त्यात. शेवटी सात गाण्यांचा अल्बम आला. लोकांनी ऐकला. पुण्याच्या एका मुलीनं लिहिलं, शेवट अचानक झाल्यासारखा वाटतो. मी तिचे आभार मानले, कारण सांगितलं नाही.

त्यानंतर मी बोलणाऱ्यासमोर फोन ठेवायच्या आधी विचारते. कधी कधी लोक नाही म्हणतात, आणि त्यात चांगले आवाज हातचे जातात.

मोठीआई ठणठणीत आहे, रोज शेतात जाते. मी गावी गेले की मला जेवायला बोलावते. मागच्या वेळी ताट वाढताना म्हणाली, "तुझं ते अजून ठेवलंय ना?"

"ठेवलंय."

"ठेव," ती म्हणाली, आणि ताटात आणखी भाजी वाढली.