फेटलर भिवाजी

चौकच्या मंडळानं यंदा निवृत्त कामगारांचा सत्कार ठरवला. मंडळाचा साईनाथ नावं लिहायला भिवाजीच्या ओटीवर आला.

"आबा, तुमी साजगावच्या फाऊंड्रीत होता. मोल्डर लिहितो."

"मोल्डर साचा करतो. मी फेटलर."

"ते कुणाला कळणार हाय? नुसतं कामगार लिहू."

"काम कुठलं ते लिव. नायतर शाल दुसऱ्याला घाल."

साईनाथ हसला, पण ती ओळ कोरीच ठेवून गेला.

साच्यातून निघालेल्या ओतीव लोखंडाला वाळू चिकटलेली असते, कडांना शिंगं फुटलेली असतात. एकतीस वर्षं भिवाजीनं ती शिंगं छन्नीनं उडवली, ग्राइंडरनं कड बसवली, शेवटी कानस फिरवली. मग डोळे मिटून कडेवरून अंगठा. टोचलं, की पुन्हा कानस. कौतुक मात्र ओतणाऱ्याचं व्हायचं. भिवाजीची बायको अंबूबाई शेजारणींना सांगायची, "आमचं माणूस लोखंडाची हजामत करतं."

नात समीक्षा कर्जतला कॉलेजात होती. तिथल्या जाड कोशातून तिनं शब्द शोधून आणला.

"आबा, तुमचा शब्द लई जुना हाय. हजार वर्षांपूर्वी इंग्रजीत कमरपट्ट्याला 'फेटेल' म्हणत. त्यावरनं 'फेटल' आला असावा, असं जाणकार मानतात. आधी अर्थ, तयार होणं, तयार करणं. मग नीटनेटकं करणं. पुढं तो ओतकामात गेला."

"म्हंजे पट्टा आवळून कामाला लागायचं. आपण कंबर कसतो, तसंच की गं!" भिवाजी खूश झाला. "एकतीस वर्षं कसली, अन् कळलं आज."

"कसली म्हणून तर आता दुखते," अंबूबाई आतून म्हणाली.

समीक्षानं हा अर्थ चिठ्ठीवर लिहून साईनाथला दिला.

"वाचतो," तो म्हणाला, "पण लोक हसले तर मी जबाबदार नाय."

कार्यक्रमात साईनाथनं पुकारलं, "फेटलर भिवाजी!"

"म्हंजे काय रं?" मागून कुणी ओरडलं. लोक हसले. साईनाथ खिशात चिठ्ठी चाचपू लागला.

तोवर भिवाजीच्या अंगावर शाल पडली होती, हातात पितळेचं सन्मानचिन्ह आलं होतं. सवयीनं अंगठा कडेवरून फिरला. टोचलं.

"कानस हाय का रं कुणाकडं?"

गॅरेजवाला हरेश समोरच बसला होता. रस्त्यापलीकडं जाऊन त्यानं कानस आणली. भिवाजी स्टेजवरच्या खुर्चीत बसला, चिन्ह गुडघ्यांत धरलं आणि घासू लागला. घाई नाही. एकच दिशा, एकसारखा दाब. माइक शेजारीच होता. खर्र खर्र साऱ्या मांडवानं ऐकली.

"साईनाथ, डोळे मीट. फिरव अंगठा."

साईनाथनं फिरवला. आधी बिचकत, मग सरळ.

"लोण्यासारखं!"

त्यानं चिठ्ठी परत खिशात घातली आणि माइक ओढला. "फेटलर म्हंजे हे, मंडळी. आता इचारू नका."

टाळ्या पडल्या. तेवढ्यात सत्कार झालेले बाकीचे चौघे आपापली चिन्हं घेऊन खुर्चीपाशी उभे राहिले. "भिवाजी, आमचीबी टोचतात रं."

पाहुण्यांचं भाषण लांबलं. भिवाजीनं दुसरं चिन्ह गुडघ्यांत धरलं.

"अवं," पहिल्या रांगेतून अंबूबाई ओरडली, "शाल तरी काढा, पितळेचा भुसा पडतोय!"

भिवाजीनं शाल काढली आणि कमरेला आवळून बांधली.