टेबलाखालचा फोटो

अन्याय झाला तो आमच्या इमारतीतल्या चाचांवर. कधी, तेही सांगते: गेल्या दिवाळीच्या आदल्या शनिवारी, दुपारी चारच्या सुमारास. जागा, रोडपालीतली आमची सोसायटी, तिसरा मजला. आधी चाचा कोण ते ऐका. तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी त्यांचं फक्त आडनाव वाचलंय.

कुठलंही काम सुरू करण्याआधी चाचा दोन्ही तळहात पँटला पुसायचे आणि म्हणायचे, "घाई नाय करायची, बेटा." हे कोणाला ऐकवायचे? मला! न्हावा शेव्याला जाणारे ट्रेलर आमच्या गेटसमोर मुक्काम ठोकतात, त्याविरुद्ध पत्रकं वाटत फिरणारी मी. सह्या मागायला पहिल्यांदा त्यांच्या दारात गेले, तर म्हणाले, "सही करतो. पण आधी माझी गाडी बघ. ती कोणाचा रस्ता अडवत नाय."

आतल्या खोलीत पलंग नव्हताच. भिंतीपासून भिंतीपर्यंत प्लायवूडचं टेबल आणि त्यावर अख्खं पनवेल स्टेशन. फलाट, पूल, हिरव्या साडीतली काडीएवढी कोळीण, मागे प्लॅस्टरचा कर्नाळ्याचा सुळका. चाचांनी उमेदीची सगळी वर्षं आखातात इलेक्ट्रिशियनचं काम केलं. सुट्टीत घरी येताना इतर लोक सोनं आणायचे, हे खेळण्यातली इंजिनं आणायचे.

"आणि मला अत्तर. तेपण विमानात फुकट मिळालेलं," स्वयंपाकघरातून चाची.

गेल्या वर्षी त्यांनी ही रेल्वे डिजिटल करायला घेतली. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. त्यांनी समजावलं ते असं: जुन्या पद्धतीत बटण फिरवलं की पटरीतली वीज कमीजास्त होते आणि पटरीवर असेल ते सगळं एकदम पळतं. डिजिटलमध्ये पटरीत वीज कायम भरलेली. प्रत्येक इंजिनाच्या पोटात नखाएवढं एक सर्किट, त्याला स्वतःचा नंबर. मोबाइलवर तो नंबर दाबला की तेवढंच इंजिन हलतं, बाकीची जागेवर.

पहिल्या दिवशी चाचांनी दोन नवी इंजिनं समोरासमोर ठेवली आणि एकाला चालवलं. दोन्ही सुटली! पुलाखाली टक्कर, कोळीण आडवी.

"दोघांचा नंबर सारखाच," चाचा कपाळाला हात लावून हसले. "कारखान्यातून सगळी 'तीन' हाच नंबर घेऊन येतात. मीच बदलायचा विसरलो."

मग पटरीचा एक सुटा तुकडा वेगळा मांडून त्यावर एकेका इंजिनाला नवा नंबर दिला. मी म्हटलं, "चाचा, हे तर बारसं झालं."

"मग पेढे कुठायत?" चाची म्हणाल्या. "बारसं म्हणा नायतर अकीका म्हणा, तोंड गोड पायजे." पेढे मलाच आणावे लागले.

आता नीट ऐका, कारण पुढचं सगळं इथून घडलं. डिजिटलमध्ये एक तपासणी करतात. दोन रुळांवर रुपयाचं नाणं आडवं टाकून मुद्दाम शॉर्टसर्किट करायचं. पटरीत वीज सोडणाऱ्या कंट्रोलच्या डब्यानं ती ताबडतोब तोडली पाहिजे. स्टेशनाजवळ तोडली. कर्नाळ्यामागच्या कोपऱ्यात नाणं टाकलं तर डबा ढिम्म.

"वायर बारीक पडते," चाचा म्हणाले. "उद्या गाडी घसरली तर इथंच जळेल. आपल्याखाली बिऱ्हाडं हायत." म्हणून त्यांनी टेबलाखालून लाल आणि काळी अशा दोन जाड वायरी सगळीकडे फिरवल्या आणि हातहातभर अंतरावर वर पटरीला जोडल्या. खालच्या लोकांच्या काळजीपोटी. हे लक्षात ठेवा.

त्या शनिवारी आमचे सेक्रेटरी गळती बघायला आले. पाइप टेबलाखाली, म्हणून खाली वाकले. वाकल्या वाकल्या फोटो काढला. फोन हातभर वर उचलला असता तर फोटोत फलाट आला असता, कोळीण आली असती. उचलला नाही. संध्याकाळच्या आत तो फोटो कळंबोलीपासून बेलपाड्यापर्यंत फिरला. खाली मजकूर: सावधान. बंद खोलीत वायरी, सर्किट, मोबाइलवरून कंट्रोल. सगळ्या ग्रुपवर पाठवा. आणि चाचांचं आडनाव. मजला नाही, फ्लॅट नंबर नाही, नुसतं आडनाव. तेवढं पुरेसं वाटलं लोकांना!

पोलीस आले. दोघं होते. चाचांनी तळहात पुसले, मोबाइलवर नंबर दाबला, इंजिन फलाटावरून निघालं. त्यातला तरुण शिपाई म्हणाला, "काका, हॉर्न आहे का हो?" होता. त्यानं तो तीनदा वाजवला. "फोन आला की यावं लागतं, राग मानू नका," म्हणून ते गेले. पोलिसांचं समाधान झालं. आमच्या सोसायटीचं झालं नाही.

मी सेक्रेटरींना गाठलं. "अहो ताई, मी फक्त प्रश्न विचारला. प्रश्न विचारणं गुन्हा आहे का?"

"चाचांना विचारलात?"

"ग्रुपवर विचारला ना."

मी अजूनही या उत्तरातून सावरलेले नाही. मी ग्रुपवर खरं काय ते लिहिलं. थोड्याच वेळात ग्रुप बंद, आता फक्त ॲडमिन लिहू शकतात. ज्यांच्या मिक्सरपासून गिझरपर्यंत सगळं चाचांनी फुकटात दुरुस्त केलं, त्या घरांतलं एकही दार चाचांसाठी उघडलं नाही.

महिन्याभरात चाचा आणि चाची उरणला भावाकडे गेले. मी म्हटलं, "का जाता? पोलिसांनीसुद्धा मान्य केलंय."

"पोलीस गेले, बेटा. शेजारी हायत." टेबलाखाली बसून ते एकेक वायर कापत होते. "आमी लिफ्टमध्ये शिरलो का लोक जिन्यानं जातात. चाचीचे गुडघे बघितलेस ना? ती म्हणते आता आपणच जिन्यानं जाऊ, लोकांना त्रास नको."

फ्लॅट अजून विकलेला नाही. परवा मी उरणला जाऊन आले. याल का परत, म्हणून विचारलं. चाची म्हणाल्या, "कोणी ये म्हटलं तर येऊ ना. अजून कोणी म्हटलं नाय."

तो फोटो एकट्या सेक्रेटरींनी बेलपाड्यापर्यंत नेला नाही. तुम्ही नेलात. फोन काढा. तो फोटो शोधा. ज्या ज्या ग्रुपवर पाठवलात, तिथे स्वतःच्या नावानं लिहा की ती खेळण्यातली रेल्वे होती, मी न विचारता पुढे पाठवलं, माझं चुकलं. पुसून टाकून सुटू नका. लिहा. आणि आमच्या इमारतीत राहत असाल तर एवढ्यानं भागणार नाही. उरणची बस पकडा, चाचींसमोर उभे राहा आणि तोंडानं म्हणा, घरी चला.